निळी चूळ

थुंकायचं नाही. त्या क्षणी एवढं एकच कळलं. का नाही, ते कळायला वेळ लागला. वरची डावी हिरडी रात्रभर ठणकत होती, म्हणून मी तुझी बाटली घेतली. ती निळी, चूळ भरायच्या औषधाची, दाढ काढून घेतल्यापासून जी तू कुठेही गेलास तरी बरोबर नेतोस. झाकणभर ओतून तोंडात घेतलं आणि जहाजाच्या त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये, आरशात बघत, गाल फुगवले. पुदिन्याचा गार झोत यायला हवा होता. आला तो जाळ. आधी हिरडीला, मग जिभेच्या कडांना, मग टाळूच्या मागून वर नाकात, आणि नाकात पोचल्यावर त्या जाळाला नाव मिळालं. व्होडकाला वास नसतो असं तू एकदा मला समजावून सांगितलं होतंस, अगदी शास्त्र सांगावं तसं. बायकोच्या नाकाला असतो.

तेवढ्यात दाराबाहेरून तू. "झालं का गं? मी पुढे होतो. ताई टेबल धरून बसलीय." आवाज कसा ताजा. सकाळी उठल्या उठल्या तू इथे बराच वेळ होतास, नळ वाजत होता, गुळण्या वाजत होत्या, आणि मी पलंगावर पडून मनात म्हणत होते, बघा, माणूस सुधारायला लागला की दातांपासून सुधारतो. मी नाकातून "हं" केलं. तुला तेवढं पुरलं. तुला नेहमीच तेवढं पुरतं. खोलीचं दार मऊ आवाज करून मिटलं आणि उरले मी, आरसा, आरशातली गाल फुगवलेली बाई आणि तिच्या तोंडात तू.

थुंकून टाकता आलं असतं. बेसिन समोरच होतं, पांढरंशुभ्र, खोलगट बशीएवढं. पण थुंकलं की नळ सोडायचा, निळं गोल गोल फिरत जाणार, आणि मग उरणार फक्त माझा शब्द. माझ्या शब्दाचं तुझ्यापुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. बाटली नेऊन दाखवता आली असती. बाटल्या नेऊन दाखवणं हेच तर मी आयुष्यभर केलंय. पाण्याच्या टाकीत दोरीने सोडलेली. थंडीतल्या बुटात उभी केलेली. जुन्या शिलाई मशीनच्या पोटातली, जिथे मी कधी बघणार नाही असं तुला वाटलं कारण मी कधी शिवत नाही. दर वेळी मी बाटली हातात धरून दारात उभी, केस विस्कटलेले, आवाज चढलेला, आणि तू खुर्चीत शांत, हातात वर्तमानपत्र. दारावरून जाणाऱ्या कुणीही आत डोकावून सांगावं की यातलं वेडं कोण. नाही. या वेळी बाटली नाही. मी झाकण घट्ट लावलं, बाटली जागेवर ठेवली, नाव पुढे करून, तू ठेवतोस तशी. तोंड मिटलेलंच ठेवलं. एक थेंब घशात उतरला, घसा चरचरला, डोळ्यांत पाणी आलं. ते रडणं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तू तेही स्वतःच्या खात्यात जमा करशील.

प्रवाशांनी स्वतःचं मद्य जहाजावर आणू नये.

हे वाक्य मी घरी वाचलं होतं. सुट्टीला कुठे जायचं म्हणून माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि मी एकेक जागा बाद करत होते, तू नसताना, एखाद्या आईने तापातल्या मुलासाठी फळं निवडावीत तसं. डोंगर नको, डोंगरावरच्या बंगल्यात तुझे मित्र. किनारा नको, किनाऱ्यावर टपऱ्या. मोठं शहर तर नकोच. आणि मग हे वाक्य, ठळक अक्षरात. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठीच लिहिलंय. चहूकडून पाणी, मधे एक लोखंडी गाव, आणि त्या गावात दारूबंदी. खुळी मी. पुढचं वाक्य वाचायची गरजच वाटली नाही. भूक लागलेला माणूस ताटाच्या काठावरची नक्षी बघत बसतो का? मी तिकिटं काढली. तुझं, माझं आणि ताईचं, कारण तुझी ताई म्हणाली, माझ्या भावाने दारू सोडून दाखवली आणि त्याच्या कौतुकाला मी नको? तिचे डोळे भरून आले होते. तिचे डोळे तुझ्या बाबतीत नळासारखे आहेत, चावी तुझ्या हातात.

पुढचं वाक्य मला पहिल्या संध्याकाळी कळलं, वाचून नव्हे, चालून. जिन्याशी बार. पोहायच्या तलावाकाठी बार, पाण्यात उभं राहून प्यायची सोय केलेला. वाचनालयाला लागून बार, पुस्तकाने घसा सुकला तर. रंगीत छत्र्या टोचलेले पेले, हसऱ्या चेहऱ्यांचे वाढपी, त्यांच्या तळहातांवर तरंगणारे ट्रे. एकाने मला मनगटाला बांधायचा पट्टा दाखवला, हा बांधला की दिवसभर हवं तेवढं. मी म्हटलं, पण इथे तर बंदी आहे ना? तो इतका गोड हसला की मला आपली लाज वाटली. बंदी बाहेरून आणायला, मॅडम, म्हणाला, आतलं सगळं आपलंच. आपलंच! जहाजाला दारूचा राग नव्हता. दुसऱ्याच्या दारूचा होता. ज्याच्या खांद्यावर मी मोठ्या विश्वासाने डोकं टेकलं तो खांदा गुत्तेवाल्याचा निघाला, आणि मी तशीच टेकून राहिले, कारण त्या संध्याकाळी तू जे केलंस ते बघून मला वाटलं आता खांदा कुणाचाही असो. तू पेल्यावर तळहात ठेवलास. ट्रे आला की तळहात, हळूच, डोळे मिटल्यासारखे करून, एखाद्या साधूने सोनं नाकारावं तसा. ताईने माझा हात दाबला. शेजारच्या टेबलावरच्या बायका बघत होत्या. मग तू म्हणालास, दातात काहीतरी अडकलंय, आलोच, आणि खोलीकडे गेलास. दिवसातून कितीदा दात! मी ताईला म्हटलंसुद्धा, दातांच्या डॉक्टरांनी चांगलीच शिस्त लावलीय. हसलो आम्ही दोघी. तुझी ताई जरा जास्तच हसली.

मी बाथरूममधून बाहेर आले. पलंगावर तुझी बाजू नीट आवरलेली, उशी थोपटलेली. आवरलेली उशी बघून मला एवढा संताप आला की जबडा आवळला गेला आणि तोंडातलं पाणी दातांमधून फुरफुरलं. लाळ सुटत होती. चूळ वाढत होती. ती आता निम्मी तुझी, निम्मी माझी झाली होती, संसारासारखी, आणि आग मात्र तेवढीच.

आणल्यास ते ताब्यात घेतलं जाईल.

चढताना तपासणीच्या पट्ट्यावर बॅग उघडली गेली ती माझी. तुझी नव्हे. बाटली माझ्या बॅगेत होती, तुझ्या बॅगेत जागा नव्हती म्हणे; का नव्हती ते मला आज सुचतंय, दातांमागे जाळ धरून उभी असताना. हातमोजेवाल्याने बाटली उचलली, उजेडाकडे धरली, आणि हलवायला लागला. तो काय बघत होता ते आता कळतं. खऱ्या औषधाला फेस येतो आणि रेंगाळतो. याला आला असता आणि विझला असता. पण मी त्याला हलवू कुठे दिली? मी म्हटलं, "अहो, आमच्यात कुणी घेत नाही." केवढ्या मोठ्याने म्हटलं. रांग वळून बघायला लागली. मला ते म्हणायचंच होतं, किती वर्षांत म्हणता आलं नव्हतं, मला ते वाक्य एखाद्या नव्या साडीसारखं मिरवायचं होतं. तू मागे होतास. तुझा हात माझ्या पाठीवर होता. तो हात आत्ता जाणवतोय, कपड्यात मुंगी शिरावी तसा. हातमोजेवाला ओशाळला, माफ करा म्हणाला, बॅगेची चेन स्वतः ओढून दिली. आमच्या मागे एक आजोबा होते, एकटेच. त्यांच्या स्वेटरच्या गुंडाळीतून बाटली निघाली. झोपताना घोटभर घेतो हो, नाहीतर पाय वळतात, असं ते कानकोंडे होऊन सांगत होते, आणि मला कुणी विचारलं नसताना मी वळून म्हटलं, आजोबा, नियम म्हणजे नियम. त्यांनी मान डोलावली. शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखी मान. त्यांची बाटली गेली. आणि तू काय म्हणालास? जाऊ दे गं, वय झालंय माणसाचं. किती दयाळू! मी त्या दयेवर भाळले, इतकी की संध्याकाळी त्याच आजोबांना आपल्या टेबलावर बसायला बोलावलं. ते रोज येतात. रोज माझ्याशी जपून बोलतात, मी अजून त्यांच्या खिशात हात घालीन अशा बेताने.

बोळात निळा गालिचा. निळाच. चालताना मी भिंतीची दांडी धरली होती. खोल्या आवरणारा गाडी ढकलत आला, सुप्रभात म्हणाला, टॉवेल बदलू का म्हणाला, समुद्र आज शांत आहे म्हणाला, मी तिन्हींना एकदाच मान हलवली आणि त्याचं समाधान झालं. लिफ्टपाशी शेजारच्या खोलीतल्या बाई भेटल्या. त्यांनी मला त्यांच्या सुनेबद्दल सगळं सांगितलं. मी डोळे मोठे केले, भुवया वर नेल्या, खांदे पाडले. तुम्ही किती छान ऐकून घेता हो, म्हणाल्या. लिफ्ट आली, त्या गेल्या, मी जिन्याने निघाले. म्हणजे बोललं नाही तरी चालतं. तोंड घट्ट मिटून, आत पेटतं पाणी धरून बाई चालत राहिली तर जगाचं काही अडत नाही, उलट जगाला ती आवडायला लागते. इतकी वर्षं बोलत होते तेव्हा तरी...

तेव्हा तरी काय, ते राहू दे.

रंगाकडे मला यायचं नव्हतं. हिरडीची आग सोसते, टाळूची सोसते, ही सोसत नाही. पण जिना लांब आहे आणि तोंड बंद आहे, आणि बंद तोंडात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो.

मी कापडाच्या गिरणीत रंग जुळवते. गिऱ्हाईक चिंधी आणतं, कुठल्यातरी पडद्याची, आजीच्या शालीची, परदेशातल्या दुकानातून चोरून कापलेली, आणि म्हणतं, हुबेहूब हा. मी तो रंग डब्यात उभा करते. डोळ्याने. यंत्र आहे, पण शेवटी यंत्राला मी विचारत नाही, यंत्र मला विचारतं. तू या कामाला बादल्या ढवळणं म्हणतोस. लग्नात म्हणाला होतास, सगळे हसले होते, मीही हसले होते, आणि मग तेच नाव पडलं: काय, आज किती बादल्या? कधी म्हणून तू रंगाबद्दल एक शब्द विचारला नाहीस. आणि मग या प्रवासाला निघण्याच्या आधीची ती संध्याकाळ. स्वयंपाकघरात मी, आणि तू आलास, हातात ती बाटली आणि काचेचा पेला. म्हणालास, ताईच्या नातीला शाळेत बाटलीतला समुद्र करून न्यायचाय, खाली निळं पाणी, वर तेल, हलवलं की लाटा. पण निळा जमत नाहीये गं. पोरगी हट्ट धरून बसलीय, मामाआजोबांच्या औषधासारखाच हवा. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?

तुझ्याशिवाय.

मी केकवर घालायचे रंग काढले. पेल्यात पाणी घेतलं. निळा टाकला, तो कडक निघाला, भडक, खेळण्यासारखा. तू म्हणालास, जवळपास आहे की. मी म्हटलं, जवळपास म्हणजे नाही. त्यात किंचित हिरवा, अगदी टोकाला लागलेला, मग पुन्हा निळा, मग पाण्याने मोडला. पेला आणि बाटली ट्यूबखाली शेजारी शेजारी धरले. तू माझ्या खांद्याला खांदा लावून वाकून बघत होतास. तुझ्या अंगाला साबणाचा वास होता, नुसत्या साबणाचा. तू विचारत होतास आणि मी सांगत होते, नवी नवरी माहेरचं सांगते तशी भरभरून. सांगितलं की एका दिव्याखाली जुळलेला रंग दुसऱ्या दिव्याखाली जुळेलच असं नाही. गिरणीत आमच्याकडे दिव्यांची पेटी असते, त्यात वेगवेगळ्या उजेडात ठेवून बघतो, आणि जुळेनासा झाला की आम्ही म्हणतो, रंग फुटला. तू म्हणालास, फुटला! काय शब्द आहे. मग म्हणालास, किती थेंब कशाचे ते सांग, म्हणजे पोरीला सांगतो. मी सांगितलं. तू दोनदा म्हणून दाखवलंस, पाठांतराला बसल्यासारखं. आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, हात आहे बाबा तुझा.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होते, काही न करता. मला वाटलं, आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस आज घरी आला.

तू प्यायलास याचा राग नाही मला. ऐक नीट. प्यायलास याचा राग करून करून तो राग माझ्याकडे आता वापरलेल्या साबणाएवढा उरलाय. तू लपवलंस याचाही नाही; लपवायची तुझी खोड, शोधायची माझी, दोघं आपापल्या नोकरीवर हजर. पण माझा हात? त्या हाताला तू एकदाच बरं म्हणालास आणि तेवढ्यासाठी? माझ्या नाकाला तू फसवू शकत नव्हतास, माझ्या कानाला नाही, बोटांना नाही, म्हणून माझ्या डोळ्याला फसवायला माझाच डोळा भाड्याने नेलास, आणि भाडं दिलंस ते डोक्यावर हात ठेवून. आणि डोळा माझा इतका चोख की मी रोज सकाळी ती बाटली बघत होते, उचलून पुसतसुद्धा होते. पहिल्या संध्याकाळी मला ती किंचित हिरवट वाटली होती. खोलीतला दिवा पिवळा आहे. मी दिव्याला दोष दिला. गिरणीत एखाद्या हाताखालच्या मुलीने दिव्याला दोष दिला असता तर मी तिला उभी सोलली असती.

ताईला मी जहाजावर विचारलं होतं, झाला का हो नातीचा समुद्र? कसला समुद्र, ती म्हणाली. मग तिने तुझ्याकडे पाहिलं. तू लोणी लावत होतास, मान वर केली नाहीस. मग ती म्हणाली, हो हो, तो होय, छान झाला, बाईंनी कौतुक केलं. मी ते ऐकलं आणि गिळलं. त्या वेळी चव लागली नाही. तुम्हा भावाबहिणीत एक दोरी आहे, तू तिकडून ओढलीस की हिची जीभ हलते. लग्नानंतर निघताना तिने माझ्या हातात तुझा हात दिला होता आणि हसत म्हणाली होती, आता हा तुझ्या ताब्यात हं, आम्ही सुटलो. लोक रडत होते आणि ती हसत होती. केवढी मोकळी दिसत होती तेव्हा. मला वाटलं, स्वभाव आनंदी आहे.

आणि प्रवासाच्या शेवटच्या संध्याकाळी परत केलं जाईल.

जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, गोल. मी थांबले. गालांचे स्नायू थरथरत होते. बाहेर समुद्र होता, बाटलीतला नव्हे. खिशात फोन होता आणि फोनमध्ये दुसऱ्या गावातल्या गिरणीचा प्रश्न होता: येता का? रंगखात्याची मुख्य म्हणून. जहाज परत लागायच्या आत कळवा. तुला मी सांगितलं होतं. तू म्हणाला होतास, तू ठरव, मी काय, मी राहीन एकटा, नुकताच उभा राहायला लागलोय एवढंच. एवढंच! कुबडी काढून घ्यायची की नाही हे लंगड्याने कुबडीवर सोपवावं तसं. आणि मी रात्री हिरडी दाबत ठरवलं होतं की नाश्ता झाला की "जमणार नाही" असं लिहून टाकायचं. कारण मी गेले तर तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार? बाटल्या कोण शोधणार? माझं सगळं आयुष्य त्या हातमोजेवाल्यासारखं पट्ट्यापाशी उभं राहण्यात जाणार होतं, आणि त्यालाही निदान पाळी संपल्यावर हातमोजे काढता येतात.

जेवणघराच्या दारातच ऊन अंगावर आलं. तिन्ही बाजूंनी काच, पांढरी टेबलं, सगळीकडे सकाळ. तुम्ही खिडकीशी होतात. ताई, आजोबा आणि तू, पाठ उन्हाकडे. तू बोलत होतास. मी अंतरावरूनच हातवाऱ्यांवरून ओळखलं काय ते: तुझी गोष्ट. कसा तळ गाठला, कसा वर आलास. वाढपी फळांचा रस आणि फसफसती वाइन घेऊन आला, आणि तू न बघता पेल्यावर तळहात ठेवलास. आजोबा आदराने बघत होते. ताई म्हणत होती, मनावर घ्यावं लागतं हो, माझ्या भावाने मनावर घेतलं. तू मला पाहिलंस, खुर्ची ओढलीस. मी बसले नाही. तुझ्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय गं, गाल कशाने सुजला? दाढ?" तू म्हणालास.

ताईने माझ्या हनुवटीला हात लावायला बघितलं. मी मान मागे घेतली. आजोबा, बिचारे, माझ्याशी जपून बोलणारे, हळूच म्हणाले, "चूळ भरा, बाई. बरं वाटेल."

चूळ म्हटल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस. गालाकडे नाही, ओठांकडे. तुझ्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आधी काळजी, मग हसू, मग रंग. मला वाटायचं हा क्षण आला की मी ओरडेन. किती वर्षं मनात ओरडण्याची तालीम केली होती. मी तुझा पाण्याचा पेला उचलला, तळहाताखालून, आणि त्यात तोंड मोकळं केलं. हळू, एक थेंब बाहेर सांडू न देता. काम नीटच करायची सवय आहे. धाग्यासारखा रंग खाली गेला, तळाशी गुंतला, मग वर फुगत आला, आणि सगळं पाणी एका रंगाचं झालं. मी पेला उन्हात धरला. निळा नव्हता तो. शेवाळी होता, डबक्यासारखा. पेला तुझ्या बशीशेजारी ठेवला. वास पोचायला वेळ लागला नाही. आधी आजोबांचं नाक वर आलं. त्या वासाशी त्यांची जुनी ओळख. मग ताईने पदर तोंडाला लावला.

तू दात न उघडता म्हणालास, "अगं, लोक बघतायत."

जबडा आखडला होता. जीभ जाडीभरडी झाली होती. केवढं साठलं होतं, बोळभर, जिनाभर. तोंड रिकामं झालं आणि त्यातलं बहुतेक कुणासाठी बोलायचं असं वाटलं.

"बघू देत," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात जुळला होता. उन्हात फुटला."

तुला शब्द आठवला. डोळे खाली गेले, पेल्याकडे, आणि तिथून वर आलेच नाहीत. मी खुर्चीत बसले. फोन काढला आणि दुसऱ्या गावच्या गिरणीला लिहिलं: येते. फोन उलटा टेबलावर ठेवला. वाढपी ट्रे घेऊन उभाच होता, पुढे जावं की मागे ते त्याला कळेना.

मग तुझ्या ताईला कंठ फुटला. तिला माझा फोन दिसला होता, त्यावरचं एका शब्दाचं उत्तरही. "अगं, पण याचं काय? याला कोण बघणार? तुझ्या ताब्यात दिला होता ना आम्ही."

"हो ना ताई. ठेवला होता." मी पावाचा तुकडा घेतला. "शेवटच्या संध्याकाळी तुमचा तुम्हाला परत मिळेल. नियम म्हणजे नियम."

आजोबांनी लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.